फौजदारबाईंचा पहिला लेख

विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना मुलांनी ‘फौजदारबाई’ नाव ठेवलं, ते दरारा पाहून नव्हे. बाईंना घरची मांजरसुद्धा दाद देत नसे. पण चष्मा कपाळावर सरकवून ‘हं, आता खरं सांग’ म्हणायची त्यांची ढब अशी, की न केलेले गुन्हेही कबूल करावेसे वाटत.

आईला या शास्त्राची शेवटपर्यंत लाज वाटली. मुलगी काय शिकवते असं कुणी विचारलं, की ती घाईघाईने हवापाण्यावर घसरे. बाकी नातेवाइकांचा समज वेगळाच. कुणाची अंगठी हरवली की पहिला फोन बाईंना.

“मामी, मी चोर शोधत नाही. माणसं चोर का होतात, ते शोधते.”

“मग तेच शोध की! म्हणजे चोर आपोआप सापडेल,” मामी म्हणे.

बाईंची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. म्हणजे सकाळी आत, संध्याकाळी घरी. पहिल्यांदा गेल्या तेव्हा मत अगदी पक्कं होतं : शिक्षा कडक करा, गुन्हे थांबतील. लग्नाआधी तसा एक लेखही त्यांनी एका त्रैमासिकात छापून आणला होता, तावातावाने, उद्गारचिन्हांची खैरात करून. मग त्या घरफोड्यांशी बोलू लागल्या. शिक्षेची भीती नाही वाटली? असं विचारलं की समोरचा त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघे. “पकडले जाऊ असं वाटलं असतं, तर गेलो असतो का बाई?” एकजात सगळ्यांचं हेच. पक्क्या मताची हवा हळूहळू निघून गेली.

पुढे त्यांनी उलटा प्रश्न धरला. माणसं चोरी सोडतात, ती का? सुटून आलेल्यांची घरं शोधत त्या जिने चढल्या, भांडणं ऐकली, बाळांना मांडीवर घेतलं. कुणी सोडली होती बायकोने पुन्हा घरात घेतलं म्हणून, तर कुणी गुडघे दुखून भिंत चढवेना म्हणून. यावरच्या पुस्तकाने बाईंचं नाव झालं. त्या जुन्या लेखाचा मात्र त्यांनी पुन्हा कुठे उल्लेख केला नाही.

निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. ‘शिक्षा आणि भीती’ या विषयावरचे निबंध तपासताना एका मुलीच्या निबंधाने त्यांचं डोकंच फिरलं. समासात लाल शाईने लिहिलं : ‘हा विचार नव्हे, आरडाओरडा आहे.’ खाली आणखी एक शेरा : ‘लेखिकेने तुरुंग बाहेरूनसुद्धा पाहिलेला नाही.’ जेवताना त्यांनी तो निबंध नवऱ्याला वाचून दाखवला. नवरा दातांचा डॉक्टर, दुसऱ्यांना बोलू न देता ऐकवायची सवय असलेला.

“भाषा ओळखीची वाटतेय गं,” तो म्हणाला. “लग्नाआधी बागेत बसून तू मला हेच वाचून दाखवलं होतंस.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“छान आहे म्हणालो. लग्न करायचं होतं ना मला!”

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बाईंनी जुना अंक काढला. शब्दन् शब्द तोच, छपाईच्या चुकीसकट. राग कशाचा जास्त होता, चोरीचा की स्वतःच्याच शेऱ्यांचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. विभागप्रमुख म्हणाले, “तिला वर्षभरासाठी काढून टाकू.” “काढलंच पाहिजे! जरब बसायला हवी!” बाई कडाडल्या. मग आपलाच आवाज त्यांच्या कानावर पडला. उद्गारचिन्हं तीच होती. “थांबा,” त्या म्हणाल्या, “आधी तिच्याशी बोलते.”

मुलगी नखं खात समोर बसली. चष्मा कपाळावर गेला.

“हं, आता खरं सांग. का केलंस?”

“आळस, मॅडम.”

इतकं सरळ उत्तर बाईंना अख्ख्या संशोधनात मिळालं नव्हतं.

“पकडली जाशील असं नाही वाटलं?”

“इतका जुना आणि रटाळ लेख कोण वाचणार, असं वाटलं.”

“मी लिहिलाय तो. नाव माहेरचं आहे.”

मुलीने नख खायचं थांबवलं. बाईंना हसू आवरेना, आणि एकदा हसल्यावर फौजदारी कुठली टिकायला? शून्य गुण मात्र कायम राहिले. वर काम दिलं : हा लेख मुद्देसूद खोडून काढ, माझ्या पुस्तकाला हात न लावता. स्वतः जा, माणसांशी बोल.

मुलगी पेटली. आळशी म्हणवणारी ती पोर गावभर जिने चढली. काही महिन्यांनी जे लिहून आणलं, त्यात बाईंच्या तारुण्याचा पार भुगा केला होता. एका शब्दावर दोघींचं वाजलं.

“‘उथळ’ काढ. ‘अननुभवी’ लिही.”

“पुरावा आहे मॅडम, काढणार नाही.”

पुढे मुलीचा लेख छापून आला, त्यात शब्द तसाच होता.

पुढच्या वर्षी बाईंनी दोन्ही लेख पहिल्या वर्षाच्या वर्गात वाचायला दिले आणि कुणाचं पटतं, असं विचारून हात वर करायला लावले. निम्म्याहून जास्त वर्ग त्या जुन्या, तावातावाच्या लेखाच्या बाजूने! बाईंना धक्का बसला आणि, खोटं कशाला, थोडा आनंदही झाला. तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं दप्तरं उचलू लागली.

“बसा सगळे,” बाई म्हणाल्या. “मला अजून त्या जुन्या लेखातल्या पोरीशी भांडायचंय.”