नदीकाठून उचललेला सील

मागचा नोव्हेंबर, पहिला शनिवार. स्थळ : अल नहदा, शारजा, आमचा फ्लॅट. हजर : मी, सासूबाई, मुलगी ईरा आणि माझा धाकटा भाऊ प्रसाद. आमचे हे पोर्टच्या कामासाठी खोर फक्कानला होते, म्हणून त्यांची साक्ष नाही.

आधीच सांगते – मी असल्या गोष्टी मानत नाही. माझा टिफिनचा धंदा आहे. सकाळी डबे वेळेवर खाली गेले पाहिजेत, भुताखेतांसाठी त्यात जागाच नाही.

प्रसाद अलास्कात शिकवत होता. कुस्कोक्विम नदी समुद्राला मिळते त्या भागातलं, तिथल्या मूळच्या युपिक लोकांचं एक गाव. रस्ता नाही… छोटं विमान, नाहीतर होडी. थंडीत नदी गोठली की तिच्यावरूनच गाड्या. भारतात जाताना तो आमच्याकडे उतरला आणि आल्या आल्या शोकेसवर अंगठ्याएवढा सील ठेवला – समुद्रातला तो मिशाळ प्राणी. वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेला, पिवळट. तोंड किंचित उघडं.

"कुणी दिला?"

"कोण देतंय? तिकडे गोठलेली जमीन वितळतेय, काठ ढासळतोय. जुन्या वस्तीतल्या वस्तू चिखलात पडतात. उचलला."

"विचारून?"

"ताई, तू डबे भर ना."

दुसऱ्या दिवसापासून त्याला तहान लागली. पाण्याचा अख्खा कॅन दिवसात संपायला लागला, आणि प्रत्येक घोटाला तो तोंड वाकडं करायचा – "खारट आहे." आम्हाला गोडच लागायचं. क्लिनिकमध्ये शुगर नॉर्मल, किडनी नॉर्मल. सकाळी त्याच्या ओठांवर पांढरी खपली. मी बोटाला लावून चाखली. मीठ.

"दृष्ट आहे, त्या बाहुल्याची," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी प्रसादवरून मीठ-मोहरी ओवाळली आणि सील उचलून खड्यामिठाच्या बरणीत खुपसला. मी अडवलं नाही. माझ्या पोळ्या चालू होत्या.

तिथून ते चवताळलं. दुसरा शब्द नाही. दुपारचा चहा नासला, पुन्हा टाकला तोही नासला. नळ, कूलर, फ्रिजमधली बाटली – सगळं खारं. शेजारणीकडून आणलेलं पाणी दाराबाहेर गोड, उंबऱ्याच्या आत खारं! प्रसादला उलट्या सुरू झाल्या, जीभ सुजून शब्द फुटेना. बरणीतलं मीठ दगडासारखं घट्ट झालं होतं. ते फोडून सील काढताना माझ्या अंगठ्यात दात रुतल्यासारखी कळ गेली, रक्त आलं. त्या सीलला धार कुठेच नाही…

ईराने मामाच्या फोनवरून त्याच्या शाळेतल्या मेरीला फोन लावला. त्याच गावची, त्याच्या शेजारच्या वर्गावर शिकवणारी. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं –

"खाऱ्या पाण्यातून आलेल्याला मिठात घातलंत?"

"आम्हाला माहीत नव्हतं हो."

"तुमच्याकडे लांबून पाहुणा आला तर आधी काय देता?"

"पाणी."

"मग?"

ती म्हणाली, त्यांच्याकडे मारलेला सील घरी आणला की आधी त्याच्या तोंडात गोडं पाणी ओततात. समुद्रात तो कायम तहानलेला असतो. पाणी मिळालं तरच पुन्हा जन्म घेऊन शिकाऱ्याकडे येतो. "प्रसादने पाहिलंय. माझा भाऊ पाणी ओतत होता आणि हा व्हिडिओ काढत हसत होता. त्या सीलला नदीचं पाणी पाजा. आणि ज्याने नेला त्यानेच परत आणायचा. कुरिअर नको."

"मम्मा, हिअर देअर इज नो रिव्हर," ईरा म्हणाली. "ऑल अवर वॉटर इज फ्रॉम द सी."

खरंच होतं. आमच्या नळाला येतं तेही समुद्राचंच, मीठ काढलेलं. मग माझी नजर देवघराकडे गेली. तिथे सासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू होता – तोंड झाळलेला, शेवटच्या घटकेसाठी जपलेला.

"आई… गडू."

"माझ्या तोंडात घालायचं ते त्या हाडकाच्या तोंडात?"

"प्रसादकडे बघा तरी."

"चोर तुझा भाऊ, आणि पाणी माझं!"

पण उठल्या त्याच. सुरीने झाळ खरवडली आणि पळीने सीलच्या तोंडात पाणी सोडलं. खाली एक थेंब सांडला नाही. सील भरीव आहे, मी नीट तपासलाय. मग प्रसादने नळाच्या पाण्याचा पेला ओठाला लावला आणि रडायलाच लागला. पाणी गोड होतं.

आता तो चिपळूणला आहे, ठणठणीत. तिकडच्या नोकरीचा राजीनामाही दिला. सील न्यायला ये म्हटलं की "ताई, संपलं ना ते?" हल्ली फोनच उचलत नाही. हे म्हणतात, पाइपलाइनचा प्रॉब्लेम असणार. असेल. मग पाणी फक्त आमच्याच उंबऱ्याच्या आत का बिघडलं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

रोज सकाळी सासूबाई सीलला एक पळी देतात. चुकली की चहा नासतो. भारतातून दुसरा गडू मागवला. ते पाणी घरात येताच खारं झालं. मेरीला म्हटलं, मीच घेऊन येते. ती म्हणाली, "नेला कुणी होता?" आणि फोन ठेवला.

पहिल्या गडूचं पाणी आता तळाशी वाजतं. सासूबाई तो कानाशी हलवून बघतात आणि परत देवघरात ठेवतात. फ्रिजवर लावलेल्या माझ्या यादीतली बाकी सगळी कामं खोडून झाली. एक तसंच आहे : प्रसादने सील नदीकाठी परत नेऊन ठेवणे.