फुलांची करवंदं

माझ्या अक्षराला कोणी हसू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली, ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, आणि ओळ वर चढत जाते ती निराळीच. वही कुणाला दाखवायची नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर माफ करावं. पण आमच्या बंगल्यावरच्या बाईंसारखं माणूस अख्ख्या कोळवण खोऱ्यात दुसरं झालं नाही, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

पुण्याच्या लोकांनी भातखाचराला लागून घर घेतलं की आंबे लावतात आणि राखणदार ठेवतात. बाईंनी सगळी पडवी लोकरीने भरली. लोकर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून चोळत राहिलं की तिचे केस एकमेकांत गुंततात आणि जाड कापड जमतं. बाई त्याला फेल्ट म्हणायच्या. त्याची फुलं आणि मणी करून पितळेच्या तारेत ओवायच्या आणि खुशाल दागिना म्हणायच्या. रंगासाठी घरोघर कांद्याची सालं मागत हिंडायच्या. एका लग्नात तर आचाऱ्याच्या मागे पोतं धरून उभ्या राहिल्या. माझी सासू म्हणाली, “एवढी शिकल्याली बाई, अन्‌ कांदा ठिवून सालं नेतीया! खायाचं आत असतंया, हे कुणी सांगितलं न्हाई का हिला?”

प्रत्येक माळ बाई आधी स्वतः दिवसभर घालायच्या. लोकर विकायला आलेला धनगर म्हणायचा, “बाई, ही घोंगडीची लोकर हाय. गळ्यात कोन घालंल?” बाई म्हणायच्या, “मी घालते ना.” संध्याकाळी मान टोमॅटोसारखी लाल, आणि बाई खूश, कारण कुठे टोचतं ते कळलेलं असायचं. पाणी किती गरम ते कोपर बुडवून बघायच्या, बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. कानातल्याची जोडी मात्र कधी सारखी करायच्या नाहीत. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, “तुझे दोन्ही कान सारखे आहेत का, शेवंता?” घरी येऊन आरशात पाहिलं. नव्हते. तेव्हापासून मी पदर कानावरून घेते.

मी तिथे पाणी भरायला, लोकर पिंजायला जायची. बोलायची नाही. बाई दोघींचं बोलायच्या. एकदा पुण्याच्या एका दुकानदाराने चाळीस माळा सांगितल्या, प्रत्येकीत जास्वंदीएवढं फूल, आणि सहा हजार रुपये आगाऊ दिले. बाईंनी त्या सगळ्या पैशांची मऊ लोकर आणि तार आणली. महिनाभर खपून फुलं झाली. बाई तार बदलून आणायला गेल्या होत्या. फुलांना मेंढराचा वास येतोय असं मला वाटलं. शहरातल्या बायका नाक मुरडतील म्हणून मी पातेलंभर पाणी उकळलं आणि चाळीसच्या चाळीस फुलं साबण लावून घसाघसा धुतली. आमच्या घरची चादर धुते तशी. बाहेर काढली तेव्हा आटून फुलांची करवंदं झाली होती.

बाई आल्या. एक करवंद उचलून त्यांनी दाताखाली धरलं आणि म्हणाल्या, “केवढं घट्ट झालंय गं! मला हे कधी जमलं नव्हतं.” मग पायरीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

दुकानदाराला करवंदं नको होती. पैसे परत हवे होते. ते फिटले नाहीत तर बंगला भाड्याने देऊन बाईंना पुण्याला परत जावं लागणार होतं. त्याने महिन्या-महिन्याने घ्यायचं कबूल केलं, तेवढीच कृपा. मी म्हटलं, “माझ्या पगारातून कापा.” बाई म्हणाल्या, “पगार कापून मला पाणी कोण भरणार? तू विकायला उभी राहा.” कंडक्टरकडे सुटेसुद्धा न मागणारी मी!

करवंदांच्या माळा करून आम्ही रविवारी फाटकापाशी टांगल्या. जीपमधून लोक उतरायचे, आणि बाई त्यांना पळवायच्या. एका बाईला म्हणाल्या, “तुमची मान बारीक आहे. ही माळ तुम्हाला घेणार नाही.” जणू माळच गिऱ्हाईक बघत होती. शेवटी मी खाली बघून म्हटलं, “बाई, तुमी आत जाता का? लई ऊन हाय.” आभाळ भरून आलेलं होतं. बाई आभाळाकडे बघून मुकाट आत गेल्या. मी त्या बाईला म्हटलं, “घालून बगा. टोचली तर परत घीन.” त्या दिवशी तीन गेल्या.

मग दर महिन्याला आम्ही दोघी एसटीने पुण्याला जाऊन पैसे देऊन यायचो. बाई मला खिडकी द्यायच्या. वाटेत चहा घ्यायच्या आणि मला बोलायला लावायच्या, पिरंगुटपर्यंत तरी. उरलेल्या वेळात त्या बोलायच्या. माझ्या आयुष्यात कुणी मला मुद्दाम खिडकी दिली नव्हती.

चाळिसावी माळ राहिली तेव्हा मी ती लोकरीच्या पोत्यात तळाशी खुपसली. एक फेरी लांबावी एवढंच मनात होतं. बाईंना सांगितलं, “सापडंना.” त्या म्हणाल्या, “बघू, पुढच्या महिन्यात सापडेल.” त्या महिन्यात थोडेच पैसे देऊन आलो. पुढच्या महिन्यात मला लाज वाटली, म्हणून पोत्यात हात घातला. माळ बाईंच्या रुमालात नीट गुंडाळलेली होती.

ती माळ रविवारी विकली. सोमवारी दुकानदाराने शेवटच्या नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या, चिठ्ठीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाला, “झालं तुमचं. सगळे फिटले.”