वाक्यात उपयोग करा: सेलिबेट

आमच्या सिंगापूरमधल्या, वुडलँड्सच्या रविवारच्या इंग्रजी वर्गाचा विषय निघाला की चहा गार होतो. वर्ग जेमतेम दोन वर्षं चालला, पण किस्से इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर चार मध्येच घुसतात.

वर्ग आपटे सरांचा. पुण्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले सर काकूंना घेऊन इथे मुलाकडे आले आणि आठ दिवसांत कंटाळले. मग आम्हीच सापडलो! सर डोळे मिटून डिक्शनरी उघडायचे आणि बोट ठेवायचे. बोटाखाली येईल तो आठवड्याचा शब्द. पुढच्या रविवारी प्रत्येकाने तो वाक्यात वापरायचा. वाक्य स्वतःबद्दलचं हवं आणि खरं हवं. वाक्य संपलं की सर हात पुढे करून विचारायचे, "पुरावा?"

*

एकदा शब्द निघाला ‘रिलक्टंट’, म्हणजे नाखूश. मी तेव्हा वन-नॉर्थला एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे. गणपतीच्या रजेच्या अर्जाला जरा वजन यावं म्हणून मी बॉसला लिहिलं, "आय अ‍ॅम रिलक्टंट टू टेक लीव्ह."

बॉसचं एका ओळीत अस्सल सिंगापुरी उत्तर आलं, "देन डोन्ट टेक, लाह!"

रविवारी पुरावा म्हणून तोच ईमेल ठेवला. सर म्हणाले, "पूर्ण गुण!" गणपती मात्र गेले.

*

आणि एका रविवारी सरांचं बोट ‘सेलिबेट’वर पडलं.

मी पंख्याकडे बघायला लागले. सर डगमगले नाहीत. फळ्यावर शब्द लिहून त्यांनी अर्थ सांगितला, "शरीरसंबंधांपासून स्वतःहून दूर राहणारा. स्वतःहून! हे महत्त्वाचं."

बँकेतल्या पेडणेकरांनी वहीतून डोकं वर काढलं. "सर, श्रावण धरायचा का?"

"श्रावण तुम्ही पंचांग सांगतं म्हणून पाळता!"

"पंचांग नाही सर, बायको सांगते," पेडणेकर म्हणाले आणि निमूट वहीत शिरले.

*

पुढच्या रविवारी पहिला नंबर कुलकर्णींचा. वय अडतीस, लग्न व्हायचंय. उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "आय अ‍ॅम नॉट सेलिबेट. आय अ‍ॅम ओन्ली अनसक्सेसफुल!"

"पुरावा?"

कुलकर्णींनी खिशातून आईचं पत्र काढलं. नकार आलेल्या मुलींची यादी होती, गावांसकट!

*

सर हसत होते तेवढ्यात आपटे काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "माझंही एक वाक्य घ्या," म्हणाल्या. "माय हजबंड वॉज सेलिबेट ओन्ली ड्युरिंग बोर्ड पेपर्स."

मार्च-एप्रिलमध्ये दहावीचे पेपर तपासायला घरी आले की सर म्हणे गठ्ठ्यांशेजारीच चटई टाकून झोपायचे.

सरांचे कान लाल झाले, पण सवय कुठली जायला? तोंडातून गेलंच, "पुरावा?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही मुलं फेब्रुवारीतली. मोजा!"

*

त्या दिवशी एकच माणूस हसला नाही. शिरीष. तुआसच्या शिपयार्डमध्ये मरीन इंजिनिअर, वुडलँड्सच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये कुलकर्णींबरोबर भाड्याने राहायचा. लग्नाला तीन वर्षं झालेली, पण बायको, मेधा, साताऱ्याला शाळेत शिक्षिका. तिची नोकरी नुकतीच पर्मनंट झालेली, ह्याला इथे बढती मिळालेली. नोकरी कोणी सोडायची यावर फोनच्या कॉलिंग कार्डांमागून कार्डं संपत होती. वर्षाकाठी भेट वीस दिवसांची.

"शिरीष, वाक्य?"

"सर, माझं वाक्य साताऱ्यात आहे."

सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: शिरीष, सेलिबेट, बाकी. पुढे किती शब्द आले आणि पुसले गेले, तो कोपरा तसाच राहिला. एकदा एमआरटी ट्रेनमध्ये शिरीष मला म्हणाला, "ताई, असंच अजून वर्षभर चाललं तर आम्ही एकमेकांना फोनवरच ओळखू." फार वाईट वाटलं त्याचं.

*

दिवाळीच्या सुट्टीत मेधा आली. सकाळी विमान उतरलं आणि दुपारी शिरीष तिला घेऊन वर्गात हजर, कारण सरांना गैरहजेरी खपायची नाही. फ्लॅटवर बॅगा ठेवून कुलकर्णीही त्यांच्यासोबतच आले होते.

मेधाने फळ्याचा कोपरा वाचला. मग शिरीषकडे पाहिलं. तो पायांकडे बघत होता.

"सर, हे बाकी वाक्य मी केलं तर चालेल?"

"खरं असलं तर चालेल."

ती उभी राहिली. "माय हजबंड अँड आय विल नॉट बी सेलिबेट एनी मोअर."

सरांचा हात पुढे आला, पण "पुरावा" हा शब्द काही निघेना.

मेधाने पर्समधून कागद काढून त्या हातावर ठेवला. राजीनामा मंजूर झाल्याचं शाळेचं पत्र होतं. शिरीषला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागला. मलाही रडू आलं, पेडणेकर उगाच चष्मा पुसत बसले.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. उठून फळ्याचा कोपरा स्वतःच्या रुमालाने पुसला. "पूर्ण गुण. आजचा वर्ग सुटला. अगं, या दोघांना खिचडी डब्यात दे."

शिरीष आणि मेधा चपला घालायला लागले. कुलकर्णीही उठले.

"कुलकर्णी, तुम्ही कुठे निघालात?" सर गरजले. "बसा खाली! तुम्हाला आज सबंध डिक्शनरी करायची आहे!"