डाव्या गालाची चित्रं

तोमे हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गंमत वाटली होती. अर्थ कळल्यावर गंमत गेली. तोमे म्हणजे ‘थांब, पुरे’. मुलीमागून मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव ठेवायचं, म्हणजे वरच्याला निरोप पोचतो. आपल्याकडे नकुशा, इकडे जपानात तोमे. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय!

ही तोमे म्हणजे आमच्या घरमालकीण यामाने-सान, म्हणजे यामानेबाई, यांच्या नवऱ्याची पणजी. क्योतोत आम्ही त्यांच्या जुन्या लाकडी घरात वरच्या मजल्यावर राहतो. माझा नवरा शैलेंद्र इथल्या विद्यापीठात कीटकांवर संशोधन करतो आणि मी त्याच्या व्हिसाला शेपटासारखी जोडलेली आहे. त्याच्या पेपरांमधले पाय, पंख, मिशा मी काढते. खाली माझं नाव नसतं. तशी पद्धत नाही म्हणे.

नाव ही माझी दुखरी नस आहे. चित्रकलेची पदवी मी चारुता म्हणून घेतली. लग्नात शैलेंद्रने ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘अनघा’ लिहिलं, सासूबाईंची हौस म्हणून, आणि मी पेढा तोंडात धरून हसत बसले. पासपोर्ट निघाला तो अनघाचा. इथल्या एका चित्रशाळेत मला शिकवायचं काम मिळत होतं. तिथल्या बाईंनी पदवी आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि फार नम्रपणे विचारलं, “या चारुता-सान कोण?” मी तांदळांची गोष्ट सांगितली. त्यांनी मान लववून ती ऐकली आणि दोन्ही कागद मला परत दिले. गॅझेटात नाव बदलून घ्यायचं कुणाला सुचलं होतं!

मागच्या शरदात हवा कोरडी झाली तेव्हा यामाने-सानांनी मला खाली बोलावलं. घरातली गुंडाळलेली चित्रं वर्षातून एकदा उघडून वाऱ्यावर धरायची असतात, आपण गाद्यांना ऊन दाखवतो तशी. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, हात कापतात. शिवाय ही शेवटची खेप होती. गुरुवारी एका छोट्या संग्रहालयाची गाडी येणार होती आणि चित्रं कायमची जाणार होती. सगळ्या खोक्यांच्या झाकणांवर एकच नाव होतं: कोशू. तोमेचा नवरा. बारा प्रांत पायी हिंडलेला चित्रकार अशी त्याची ख्याती.

मी एकेक चित्र टांगत गेले. आधी माणसांचे चेहरे होते: तांदळाचे व्यापारी, एक वैद्य, एक म्हातारा भिक्षू. इतके जिवंत की मी उगाच पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली. पण सगळ्यांचा डावा गालच दिसत होता. एकोणीस माणसं आणि एकानेही समोर पाहिलेलं नाही. मग निसर्गचित्रं: समुद्र, बेटं, धबधबा. प्रत्येकात मागे डोंगराची एक रांग, मधे एक खाच आणि खाचेच्या उजवीकडे बसका उंचवटा. ती खाच मी रोज भाजी चिरताना बघते. ती आमच्या वरच्या खिडकीतून दिसते.

“हा माणूस कुठेही गेलेला नाही,” मी म्हणाले. “ही चित्रं वरच्या खोलीत बसून काढलीत.”

यामाने-सानांनी हातातला रुमाल घडी घालून मांडीवर ठेवला. “घरातल्या बायकांना ठाऊक आहे. मला सासूबाईंनी सांगितलं. आणि कुणाला सांगू नको, असंही सांगितलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. तोमे सतराव्या वर्षी या घरात आली. तिचे वडील चित्रांना कागद-कापडाची पाठ लावणारे कारागीर, त्यामुळे कुंचला तिच्या हाती लहानपणीच आलेला. लग्नानंतर चारच वर्षांत कोशूचा हात दारूने थरथरायला लागला. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की कोशू समोर बसून चहा पाजायचा, गप्पा मारायचा, कागदावर कुंचला फिरवल्यासारखं करायचा. तोमे शेजारच्या खोलीत, बोटभर सरकवलेल्या दारामागे, खरं चित्र काढत. त्या फटीतून दिसायचा तो डावा गाल. कोशू ‘प्रवासाला’ जायचा, म्हणजे नदीपलीकडच्या गुत्त्यात महिनाभर पडून राहायचा. तोमे वरच्या खोलीत बसून इतरांच्या तोंडून ऐकलेला समुद्र काढायची. बोटांवरची शाई पाहून शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून तिचं बाहेर जाणं फक्त देवळापुरतं आणि मयतापुरतं. असं एकतीस वर्षं. खरा समुद्र तिने कधी पाहिला नाही. मला रडू आलं आणि त्या मेलेल्या कोशूचा असा राग आला की त्याचं खोकं लाथाडावंसं वाटलं.

“मग तिचं नाव लिहा ना!” मी म्हणाले.

“बघू,” त्या म्हणाल्या. जपानात ‘बघू’चा अर्थ काय होतो हे मला आता कळतं.

संध्याकाळी शैलेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, “प्लीज, तू यात पडू नकोस. फॉरेनर्सना इथे घर मिळवताना काय झालं ते विसरलीस? त्यांचा फॅमिली मॅटर आहे. आणि हो, त्या अँटेनाच्या दोन फिगर्स सोमवारपर्यंत हव्यात.”

गुरुवारी सकाळी यामाने-सानांनी मला पुन्हा बोलावलं. समोर संग्रहालयाचा फॉर्म होता. त्यातली चित्रकाराची चौकट रिकामी होती. मी वॉर्डच्या हॉलमध्ये सुलेखन शिकते आणि माझं अक्षर त्यांना आवडतं.

“अनघा-सान, माझा हात चालत नाही. तुम्ही लिहा.”

“तोमे?” मी विचारलं.

त्यांनी त्या खोक्यांकडे पाहिलं. “कोशू म्हणून ते नेतायत. तोमे म्हटलं तर चौकशी होईल, पुरावे मागतील, चित्रं परत येतील. मला मूल नाही. मी गेले की भाचा हे सगळं मोडकं सामान न्यायला कचऱ्याची गाडी येते त्या दिवशी बाहेर ठेवील.” मग अगदी हळू म्हणाल्या, “चित्रं तरी राहू देत.”

मला भांडायचं होतं. वाक्यं तयार होती, जपानीत, क्रियापदांसकट. बाहेर गाडी थांबली. गणवेशातला माणूस दारात वाकून उभा राहिला आणि यामाने-सानांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी लिहिलं: कोशू. अक्षर सुरेख आलं. यामाने-सानांनी माझे आभार मानले, दोनदा.

वर येऊन मी खिडकीशी बसले. खाच होती तिथेच होती. टेबलावर सोमवारच्या झुरळाचं चित्र अर्धवट पडलं होतं. तांदळांत माझं नाव पुसलं गेलं तेव्हा हात निदान नवऱ्याचा होता. तोमेचं मी माझ्या हाताने पुसलं.