आंदणातला कुकर

“बाई, ते पोतं काउंटरवर नका ठेवू. खाली ठेवा. अन् तोंडावर पदर घ्या, गिऱ्हाईक बिचकते.”

चंद्रपूरच्या भांड्याच्या दुकानाचा शेठ मले असं म्हणला. मोठ्यानं नाई. रागानंही नाई. नोकराले पंखा लाव म्हणावं तसं म्हणला. दुकानात दोन बाया ताटं पाहून राह्यल्या होत्या. त्यातल्या एकीनं माह्याकडं पाह्यलं अन् आपल्या पोरीचं तोंड पोटाशी दाबून धरलं.

मी पदर घेतला. हे पह्यलेच सांगते, म्हणजे मी लई शहाणी होती असं कोणाले वाटाले नको. तो म्हणला अन् मी घेतला. पोतं चपलांजवळ ठेवलं. पोत्यात माह्या आंदणातला कुकर होता. वरण शिजवताना फुटलेला.

“शेठ, तुमच्या दुकानातला हाय,” मी म्हणली. “दोन महिने दवाखान्यात होती मी. डोळा गेला माहा.”

त्यानं वाकूनही पाह्यलं नाई. “बिल हाय? बिल नाई तर आमचा नाई. अन् कुकर वापराले अक्कल लागते बाई. तुमच्या लोकाईले चूलच बरी.”

तुमच्या लोकाईले. हे मी शाळेत ऐकलं, नळावर ऐकलं, शेतात निंदाले गेली तिथी ऐकलं. सवय झाली होती. पोतं उचललं अन् घुग्घुसच्या बसमध्ये बसली. खिडकीतून कोळशाची धूळ येऊन राह्यली होती. जखम चुरचुरत होती. तरी पदर काढला नाई. बसमधले लोक बिचकतील म्हणून.

चूल कशी असते ते मले कोणी सांगू नये. माह्या मायचे डोळे चुलीच्या धुरानंच गेले. म्हातारपणी ती हातानं चाचपून आम्हाले ओळखे. माहा लहाना भाऊ आलापल्लीले लाकडाच्या डेपोत मजूर. सागाचे ओंडके वाहून खांद्यावर गट्टे पडले होते त्याच्या. माह्या लग्नात त्यानं आंदण म्हणून कुकर अन् स्टो देला. मले तो बाईच म्हणते, आमच्याकडं मोठ्या बहिणीले बाईच म्हणतात. म्हणे, “बाई, मायचे डोळे गेले. तुहे नाई जाऊ देत.”

काय बोलावं आता याच्यावर. मी तर हसतच होती तेव्हा.

आंदणाच्या भांड्यावर आमच्याकडं नाव टाकतात. गावात कोणाचं लग्न निघालं, कार्यक्रम निघाला का भांडे मागून नेतात. नाव असलं का बरोबर घरी वापस येतात. त्या दुकानाच्या पायरीवर एक चाचा बसत. छिन्नी अन् लहानी हातोडी घेऊन टकटक टकटक नाव टाकत. भांडं दुकानातलं असलं तर नाव फुकट. लोक पूर्ण नाव टाकतात, आडनावासकट. माह्या भावानं काय टाकाले लावलं? “बाईले भावाकडून.” एवढंच. अन् खाली लग्नाची तारीख.

मी त्याले लई चिडवलं होतं. “काऊन रे, माहं नाव विसरला काय?”

तीन वर्षं कुकर बरा चालला. मग एका सकाळी फुटला. नवरा कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडं होता, पह्यल्या पाळीले जायचा. मी त्याचा डबा करून राह्यली होती. शिट्टी झाली नाई. वाटलं, होईल आता. दुसऱ्या घडीले आवाज झाला अन् भिंत पिवळी झाली. झाकण छपराच्या पत्र्याले लागून खाली पडलं. एवढं आठवते. दुखलं कधी, ते आठवत नाई.

दवाखान्यात पह्यला सवाल काय, तर नवऱ्यानं पेटवलं काय. पोलीसही तेच विचारे. नवरा बिचारा कोपऱ्यात उभा, हातावर वरणाचे फोड, मले उचलताना आलेले. त्याले दोन दिवस चौकीत बसवलं. तो सुटला तर बाया म्हणाल्या, हिनंच काही केलं असन. कुकरले कोणी विचारलं नाई. कुकर सोडून सगळ्याईची चौकशी झाली.

भाऊ आला. दारातच उभा राह्यला. माह्या तोंडाकडं पाह्यलं नाई. “मीच देला वो तो,” असं म्हणला अन् गेला. मग तो वर्षभर आला नाई. अव माय, डोळ्यापेक्षा ते जास्त लागलं मले.

एक दिवस रेडिओवर ग्राहकाच्या हक्काचा कार्यक्रम लागला होता. मी तांदूळ निवडून राह्यली होती, एका डोळ्यानं. वस्तूत दोष असला अन् माणसाले इजा झाली तर भरपाई मागता येते, म्हणे. जिल्ह्याच्या ग्राहक मंचात साध्या कागदावर अर्ज चालते, वकील नसला तरी चालते. अन् ज्यानं विकत घेतली तोच ग्राहक असं नाई. त्याच्या मर्जीनं वापरणाराही ग्राहकच. भावानं घेतला, मी वापरला. म्हणजे मी ग्राहक. तांदूळ तसेच सोडले अन् एका जुन्या वहीतून कागद फाडला. नववीपर्यंत शिकली होती. अर्ज मीच लिहिला. कंपनीवर अन् दुकानदारावर.

पुढं जे केलं ते सांगाले लाज वाटते.

मंचाचं बोलावणं आलं. कुकर घेऊन या. तो मी पोत्यात बांधून ठेवला होता, जसा फुटला तसा, दाळ चिकटलेली, काळा. आदल्या दिवशी काढला अन् मले मायचं बोलणं आठवलं. माय म्हणे, “पोरी, आपल्या घरचं भांडं लोकं उलटं करून पाहतात. आपलं भांडं दुसऱ्यापेक्षा उजळच पाहिजे.” मी म्हणली, साहेबापुढं असा काळा कसा नेऊ? म्हणतील, ह्या लोकाईचे भांडे असेच. बसली राख घेऊन. आतून घासला, बाहेरून घासला. काडीनं शिट्टीची नळी साफ केली. झाकणाची खाच सुईनं कोरली. आरशावाणी केला कुकर. मलेच बरं वाटलं.

मंचात कंपनीचा वकील होता. गोरा, तरुण, आवाज मऊ. त्यानं कुकर हातात घेतला अन् हसला.

“बाई, किती छान घासला. फुटला तेव्हा असाच होता?”

“नाई साहेब. काल घासला.”

“नळी पण साफ केली?”

“हो. काडीनं.”

तो अध्यक्षाकडं वळला. नळीत अन्न अडकलं म्हणूनच कुकर फुटला, पण बाईनं पुरावा धुऊन टाकला, असं म्हणला. मग मले विचारलं, “लग्नाआधी तुमच्या घरी कुकर होता का हो? कोणाच्याच घरी नव्हता ना? मग वापरायचं शिकवलं कोणी?”

शेठही उभा राह्यला. हा कुकर माह्या दुकानातला नाई, म्हणला. मी नाव दाखवलं. वकील वाचून पुन्हा हसला. “बाईले भावाकडून. कोणती बाई? जिल्ह्यात बाया काय कमी आहेत?”

सगळे हसले. शिपाईही हसला. मी पदर अजून खाली ओढला. माह्याच हातानं मी माही केस धुतली होती, राखेनं. असे मूर्ख आम्हीच. ज्याले जन्मभर घाण म्हटलं, तोच मरेपर्यंत घासत बसते.

अध्यक्षाच्या बाजूले एक बाई सदस्य होत्या. त्या हसल्या नाईत. म्हणाल्या, “नाव कोणी कोरलं ते माहीत आहे का? त्याला आणा.” अन् कुकर तपासाले प्रयोगशाळेत पाठवायचा हुकूम झाला. मले वाटलं, आता त्यात काय उरलं हाय तपासाले.

मी पायरीवर गेली. चाचा तिथीच होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कुकर जमा कराच्या आधी मी नावावर कागद ठेवून कोळशानं घासून ठसा उतरवून घेतला होता. तो दाखवला. त्याईनं लगेच बोट ठेवलं, शेवटच्या अक्षरापुढं कोरलेल्या लहान्या पानावर.

“ये पत्ती मेरी है बेटी. अन् हे तर याद हाय मले. मी त्या पोट्ट्याले म्हणलो, नाम बोल. तो म्हणे, बाईच लिवा चाचा, मी दुसऱ्या नावानं कधी हाकच नाई मारली. चाळीस साल में ऐसा एकच आला.”

मी तिथीच बसली अन् रडली. मले काय माहीत, त्या पोट्ट्यानं असं म्हणलं होतं ते.

“चाचा, मंचात सांगाल काय? शेठ तुम्हाले पायरीवर बसू देणार नाई मग.”

चाचा छिन्नी पुसाले लागले. “नई देगा,” म्हणाले. “पण माह्या हाताचं काम मीच नाई म्हणू, तर मग हाताले काय सांगू?”

पुढच्या तारखेले चाचा आले. “नाव माह्याच हाताचं, भांडं दुकानातलंच, म्हणून तर फुकट टाकलं,” असं सांगून गेले. दुसऱ्या दिवशी पायरीवर पाण्याचे ड्रम रचले होते. आता ते बसस्टँडजवळ झाडाखाली बसतात. तिथी कोण येते नाव टाकाले. त्याईच्यासमोरून जाताना माही मान खालीच जाते.

चाचा सांगून गेले त्याच दिवशी बाहेर वऱ्हांड्यात वकील आला. सोबत शेठ. आता दोघंही ताई ताई करून राह्यले होते. नवा कुकर देतो, दवाखान्याचा खर्च देतो, तुम्हालाही कशाला चकरा, असं. कागद तयारच होता. मी वाचला. एका डोळ्यानं वाचाले वेळ लागते. खाली लिहिलं होतं: सदर अपघात माझ्या चुकीच्या वापरामुळे झाला, कंपनीचा दोष नाही.

नवरा थकला होता. त्याचीही पाळी बुडत होती. तो हळूच म्हणला, “टाक नं सही. संपव.” त्याच्यावर राग नाई माहा. मीही थकली होती. पेन हातात घेतलं होतं मी, खोटं काऊन बोलू.

तेवढ्यात शेठ म्हणला, “अन् ताई, पदर नीट घ्या. साहेब लोक येऊन राह्यले तिकडून.”

पेन खाली ठेवलं. पदर डोक्यावरून काढला अन् कमरेले खोचला, घरी कामाले लागताना खोचते तसा. कानापासून गळ्यापर्यंत सगळं उघडं. पाहा म्हणलं. नीट पाहा, तुमचाच माल हाय. शेठनं मान फिरवली. वकील कागदाकडं पाहत राह्यला.

“चूक माही नाई,” मी म्हणली. “माह्या भावाची तर नाईच नाई. सही होत नाई.”



अहवाल आला. नळीबद्दल सांगता येत नाही, असं लिहिलं होतं. ते माहं पाप. पण सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू, जो उष्णतेनं वितळून वाफ सोडाले पाहिजे, तो वितळणाराच नव्हता. चुकीचा भरला होता कारखान्यात. राखेनं काजळी निघते, धातू बदलत नाई. मंचानं निकाल माह्या बाजूनं देला.

भावाले निरोप धाडला. आला. त्यानं पह्यल्यांदा माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् लहान्या लेकरावाणी रडला.

गोड शेवट पाहिजे असन तर इथीच थांबा. कंपनी अपिलात गेली, नागपूरले. आठ वर्षं झाली. तारखा पडतात. वकील आजारी, साहेब रजेवर, फाईल सापडत नाई. मी जाते, बसते, वापस येते. पाय दुखतात. पदर घेत नाई. दर दोन-चार तारखांनी कोणीतरी वऱ्हांड्यात येते अन् तोच कागद काढते, तीच ओळ. माणूस बदलते, ओळ बदलत नाई.

मागच्या तारखेले नवा पोरगा आला होता. त्याले मी सांगतलं, “बाबू, दुसरा कागद लिहून आण. कंपनीनं चुकीचा धातू भरला, असं लिव. खाली तुह्या मालकाची सही घे. साक्षीदार म्हणून मी सही करते. तोवर मी येतच राहीन.”