बापटकाकूंची शेकोटी

चहा घ्या, आणि हसायचं तर पोटभर हसा. मला अजून जमलेलं नाही. सतरा वर्षं कुवेतमध्ये पत्राकाम करतोय, पण त्या शुक्रवारी जी माती खाल्ली, तिची चव अजून तोंडात आहे!

अहमदीतले तेल कंपनीचे जुने बंगले पाहिलेत? गोऱ्या साहेबाच्या जमान्यातले. दिवाणखान्यात चक्क फायरप्लेस! बापटकाका तिथे तीस वर्षं राहिले. काकूंचं एकच म्हणणं, एकदा तरी ती पेटवू या. काका म्हणायचे, पुढच्या थंडीत. असं करता करता काका रिटायर झाले, सामान पुण्याला गेलं आणि उरला एक आठवडा.

मग काकांनी मला बोलावलं. "सावंत, उघड्यावर जाळ नको, हिला दमा आहे. काचेच्या दाराची लोखंडी शेगडी मिळते ना, ती त्या कोनाड्यात बसवा. पण स्वस्तात हं! आम्ही गेल्यावर तुम्हीच घेऊन जा ती."

"काका, काळजीच सोडा!" मी म्हणालो. हे वाक्य मी म्हटलं की समोरच्याने काळजी सुरू करावी.

इथल्या राई भागातल्या भंगारवाल्याकडे जुनी शेगडी मिळाली. घासली, काळा रंग मारला, कोनाड्यात सरकवली. वर हातभर पाइप चिमणीत सोडला, कडेच्या फटींना पत्र्याच्या पट्ट्या मारल्या. फक्कड!

छपरावर चढून चिमणी बघायची राहिली. राहिली कसली, सुचलंच नाही! आमच्या गुहागरकडच्या घरात चूल पेटली की धूर कौलांच्या फटींतून आपला आपण जातो. त्याला वाट करून द्यावी लागते, हे आमच्या घराण्यात कुणाला ठाऊक?

शुक्रवारी संध्याकाळचं विमान. दुपारी काकू ठेवणीतली साडी नेसल्या. घरात दोनच खुर्च्या उरल्या होत्या, त्या शेगडीसमोर मांडल्या. काडी काकूंनीच लावली.

पहिली पाच मिनिटं काय सांगू! काकूंचा चेहरा नुसता उजळला होता. मग धूर खाली उतरला. दारातून, पट्ट्यांतून, मिळेल तिथून. काकू खोकायला लागल्या.

"पाणी ओता, पाणी!" काका ओरडले.

ओतलं. जाळ विझला, लाकडं भिजली, काचेला तडा गेला, भिंत काळी झाली. काकूंना अंगणात नेऊन बसवलं, हातात दम्याचा पंप.

शिडी लावून वर गेलो. बघतो तर चिमणीच्या तोंडावर पत्रा! चारी बाजूंनी रिवेट, वर सिलिकॉन, त्यावर बोटभर धूळ. उचकटता उचकटेना.

"कुठल्या गाढवाचं काम आहे हे?" मी वरूनच बोंब ठोकली आणि शेवटी निघाला तो पत्रा अंगणात फेकला.

काकांनी त्यावरची धूळ पुसली. "अहो, मार्करने मोबाइल नंबर लिहिलाय इथे."

लिहितातच. पुढचं काम मिळावं म्हणून आम्ही सगळेच पत्रेवाले लिहितो.

"लावा फोन त्याला!" मी शिडी उतरत म्हणालो. "चांगला झापतो!"

काकांनी एकेक आकडा दाबला. आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

मग आठवलं, आणि तिथेच कबूल केलं. सात वर्षांपूर्वी, धुळीच्या वादळांच्या दिवसांत, कंपनीच्या ठेक्यावर आम्ही त्या अख्ख्या गल्लीतली चिमण्यांची भोकं छपरांवरूनच बुजवली होती. खाली कोण राहतं, हे बघितलंसुद्धा नव्हतं.

काकांनी फोन वाजता तसाच ठेवला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काकूच म्हणाल्या, "उचला की भाऊ. त्या पत्रेवाल्यांना सांगा, सात वर्षांत त्या चिमणीतून धुळीचा कण आला नाही घरात. फार पक्कं काम होतं."

तासाभरात ती दोघं धुराच्या वासाच्या कपड्यांतच विमानतळावर गेली. तीस वर्षांतली एकच इच्छा, आणि तिच्यावर झाकण मारणारा मी!

भिंत मी रंगवून दिली. शेगडी आता जलीबला आमच्या खोलीत असते, सहाजणांच्या चपला बरोबर मावतात तिच्यात. काम अजून तसंच पक्कं करतो. फक्त पत्र्यावर नंबर लिहायचं सोडलंय.