पितळी कुलपाची दुसरी किल्ली

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दोन वेळा दंगलीत स्वतःचं डोकं फोडून घेतलं. नातवंडं त्याच गोष्टी विचारतात. पण आज इतक्या वर्षांनीही लख्ख आठवते ती फिर्याद एका खोलीची आणि एका पितळी कुलपाची होती. ती आठवली की आधी माझी मलाच लाज वाटते आणि मग छाती फुगते. त्याच क्रमाने सांगतो.

सत्तरच्या दशकात नागपुरात गिरणी कामगारांच्या वस्तीला लागून असलेल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. स्वभाव तापट आणि संशयी. आमच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायलाही मी बायकोला मनाई केली होती. ती कुरकुरायची, मी ऐकत नसे.

उन्हाळा होता. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली, तिच्यावर पाणी मारायची पाळी शिपायांकडे. अशा भर दुपारी एक बाई आली. पन्नाशीची, काटक, विडी कारखान्यात कामाला. नवरा गिरणीत होता, तो वारलेला. मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर गेला होता, म्हणून सोबत सून आलेली, तिला नववा महिना लागलेला.

"बस वं तू," तिने सुनेला बाकावर बसवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. "साहेब, खोली देतो म्हणून एका दलालानं मले फसवलं."

राहतं घर मालक पाडणार होता. महिनाअखेर निघा म्हणून मागे लागला होता. सुनेचं बाळंतपण रस्त्यावर करायचं का, हा तिच्यापुढचा प्रश्न. तिने अर्धं नागपूर पायाखाली घातलं. बहुतेक ठिकाणी भाडं झेपत नव्हतं, आणि झेपेल तिथे मालक आधी आडनाव विचारायचे. दीक्षा घेतलेलं बौद्ध कुटुंब. आडनाव ऐकलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची.

"ह्या माणसानं आडनाव इचारलंच नाही साहेब. म्हणून तर भरवसा ठेवला."

दलालाने रिकामी खोली दाखवली, दोन महिन्यांचं भाडं आगाऊ घेतलं आणि म्हणाला, "आता तुमचं कुलूप लावा, खोली तुमची." आमच्याकडे रीतच होती, घर मालकाचं आणि कुलूप भाडेकरूचं. आपलं कुलूप लागलं की जागा ताब्यात आली, असं साधी माणसं मानत. कागद कोण मागतो? तिने घरचं जड पितळी कुलूप लावलं. निघताना दलालाने दुसरी किल्ली मागून घेतली, तुम्ही यायच्या आधी चुना मारून ठेवतो म्हणाला. आठ दिवसांनी ठेल्यावर सामान लादून ती गेली, तर दारावर भलतंच कुलूप. दलालाला गाठलं तर तो म्हणाला, "कोण तुम्ही बाई? मी तर तुम्हाला पाहिलंही नाही."

"पावती आहे?" मी विचारलं.

"नाही."

"मग ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा."

"अन् माह्यं कुलूप? माह्या नवऱ्यानं पहिल्या बोनसात घेतलं होतं ते."

मी हसलो. हो, हसलो! शहरात रोज काय काय घडतं आणि ही कुलपाची तक्रार घेऊन आली, असं वाटलं मला. स्टेशन डायरीत एक ओळसुद्धा लिहिली नाही. ती सुनेला घेऊन निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी कामावरून थेट ठाण्यात आली आणि बाकावर बसली. तिसऱ्या दिवशीही आली. माझा पारा चढला तरी ती हलेना.

चौथ्या दिवशी शिपायाने एका ठेलेवाल्याला आणलं. रस्त्यात ठेला आडवा लावला म्हणून पकडलेला. त्याने बाकाकडे पाहिलं आणि ओरडलाच, "अवं मावशी, मिळाली काय खोली?"

मी त्याला जवळ बोलावलं. "तू हिला ओळखतोस?"

"हिचं सामान मीच नेलं होतं साहेब. त्याच दारावर आणखी तीन घरचं सामान नेलं अन् तिन्ही बार वापस आणलं. दलाल तोच."

"मग आधी सांगितलं काहून नाही गा?" आमचे ठाणे अंमलदार हवालदार गरजले.

"तुमी इचारलं काय?" तो म्हणाला.

तीन दिवस साक्षीदार माझ्या ठाण्यासमोरून ठेला ओढत जात होता आणि मी पंख्याखाली बसून कायदा शिकवत होतो. त्याला सोडलं, बाईला समोर बसवलं आणि प्रथम खबर माझ्या हाताने लिहिली. फसवणुकीचं कलम लावलं. कुलपाचं वर्णनही लिहिलं: पितळी, जड, तळाशी एक चेचलेला कोपरा.

दलालाला चहाच्या टपरीवर अर्ध्या कपाच्या पैशावरून हुज्जत घालताना उचललं. टेरिलीनचा सदरा, तोंडात पान, जिभेवर साखर. चार दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. मी तासन् तास विचारलं, उलटसुलट विचारलं. "साहेब, गरिबांना घरं मिळवून देतो मी. ही बाई कुठली, तो ठेलेवाला कुठला, मला माहीत नाही. ठेलेवाला दारुडा असेल." कागद नाही, सही नाही. हात उगारायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण असल्या माणसाला मार पडला तर तो उलट सुटतो, हे मी तोवर शिकलो होतो. घरचा पत्ता त्याने दोनदा खोटा दिला. खरा सापडेपर्यंत तिसरा दिवस मावळायला आला.

चौथ्या दिवशी सकाळी दलालाला आणि दोन पंचांना घेऊन त्याच्या घरी झडतीला गेलो. बाई तिथेही आली, जीपच्या मागून पायी. दाराला कुलूप होतं. किल्ली म्हणे बायकोकडे, आणि बायको माहेरी.

"तोडून टाका साहेब, माझी काही हरकत नाही," दलाल घाईघाईने म्हणाला. "हातोडी आणू का शेजारून?"

इथे माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चहाच्या अर्ध्या कपासाठी टपरीवाल्याशी हुज्जत घालणारा हा कंजूष, याला चांगलं कुलूप फोडायची एवढी घाई का? मी पुढे होऊन कुलूप हातात घेतलं. जड, पितळी. उलटं केलं. तळाचा एक कोपरा चेचलेला.

"हे माह्यं कुलूप होय!" बाई मागून ओरडली.

दलाल हसला. "अशी कुलपं बाजारात ढिगाने मिळतात, साहेब."

बाई पुढे आली. पदराची गाठ सोडली आणि त्यातून एक किल्ली काढली. खोली गेली, आगाऊ भाडं गेलं, पण किल्ली तिने टाकली नव्हती. मी पंचांना जवळ बोलावलं, दलालाला समोर उभं केलं आणि तिला म्हणालो, "मावशी, तुम्हीच लावा."

किल्ली फिरली. खट्!

दलालाचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या बाईला आयुष्यात पाहिलं नव्हतं, तिच्या किल्लीने त्याचं घर उघडलं होतं. हवालदारांनी एवढ्या जोरात "शाब्बास!" म्हटलं की शेजारपाजार गोळा झाला. आत ट्रंकेत आणखी तीन कुलपं सापडली. ठेलेवाल्याने ती घरं दाखवली, प्रत्येक घरातून एकेक किल्ली आली आणि तिन्ही कुलपं पंचांसमक्ष उघडली. नव्या गिऱ्हाइकाला तीच खोली दाखवायची म्हणजे आधीच्याचं कुलूप काढणं आलं. पण चांगली वस्तू फेकायला त्याचं मन झालं नव्हतं. चार घरांना बुडवणारा तो महाभाग कंजूषपणात बुडाला. संध्याकाळी कबुलीही आली, लपवलेले बरेचसे पैसेही आले आणि पुढे त्याच्या बायकोकडून दुसरी किल्लीही.

खोलीची खरी मालकीण एक निवृत्त शिक्षिका निघाल्या. त्या नरखेडकडे भावाच्या गावी राहत. दलाल त्यांना सांगायचा, भाडेकरूच मिळत नाही. निरोप मिळताच त्या एसटीने आल्या. सगळं ऐकलं, सुनेकडे पाहिलं आणि बाईला म्हणाल्या, "खोली रिकामीच आहे. कधी येता?"

"बाई, आधी आडनाव ऐकून घ्या."

"मी विचारलं का?"

"नाही. पण मागच्या टायमाले ज्यानं इचारलं नाही, त्यानंच फसवलं," ती म्हणाली, आणि अख्खं ठाणं हसलं.

सामान त्याच ठेल्यावर गेलं, या वेळी फुकट. कुलूप मात्र लाखेची मोहर लावून मुद्देमालात जमा होतं, म्हणून हवालदारांनी बाजारातून एक साधं कुलूप आणून दिलं. पंधरवड्याने त्या खोलीत नात जन्मली. आम्हाला पेढे आले. उजळ माथ्याने खाल्ले.

पुढे दलालाला शिक्षा झाली आणि कोर्टाने मुद्देमाल परत करायचा हुकूम दिला. मी कुलूप आणि दोन्ही किल्ल्या बाईच्या हातात ठेवल्या, पावतीवर तिचा अंगठा घेतला. साक्षीला आलेल्या शिक्षिकाबाई शेजारीच उभ्या होत्या. बाईने एक किल्ली पदराला बांधली आणि दुसरी सरळ त्यांच्या हातात दिली. "राहू द्या बाई तुमच्यापाशी. वेळ सांगून येते काय?"

मला राहवलं नाही. "मावशी, अहो, याच दुसऱ्या किल्लीने घात केला ना? आता तरी शहाण्या व्हा!"

तिने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, एक चोर निघाला म्हणून सगळ्यायले चोर समजू काय? ते काम तुमचं."

कामाचं सांगायचं तर त्या प्रकरणानंतर समोर आलेल्या माणसाचं म्हणणं आधी लिहून घ्यायचं आणि मग कायदा सांगायचा, ही सवय मी लावून घेतली. पण त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं काम वेगळंच केलं. खुंटीवरची दुसरी किल्ली काढली आणि शेजाऱ्यांच्या दारावर टकटक केली. बायको दारात उभी राहून बघत होती, आणि काय झालंय ते तिला कळेना.